मेसच्या बोर्डावरचं एक वर्ष

संपादक मंडळातला मित्र म्हणाला, "तुझ्या पानाला वर्ष झालं ना? त्यावर लिही काहीतरी. फक्त उपदेश नको, लोक पान उलटतात." उपदेश वजा केल्यावर माझ्याजवळ शिल्लक काय राहतं हा प्रश्नच आहे. तरी बघतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे डे-स्कॉलर आणि बराचसा स्टाफ यांच्यासाठी, आधी थोडं सांगतो. आमच्या हॉस्टेलच्या मेसबाहेर, हात धुवायच्या नळांशेजारी, हिरव्या कापडाचा एक नोटीस बोर्ड आहे. त्यावर खाड्यांचे नियम, हरवलेल्या कॅल्क्युलेटरची चिठ्ठी आणि कधीच्या तरी गणेशोत्सवाचं पत्रक एवढंच असायचं. मागच्या जुलैमध्ये, सेकंड इयरला आल्या आल्या, मी त्या बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात एक फुलस्केप टाचला. एका बाजूने, हाताने, मराठीत लिहिलेला. खाली माझं नाव आणि रूम नंबर. दर रविवारी रात्री जुनं पान काढायचं आणि नवीन लावायचं, असं ठरवून टाकलं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते सबमिशनमुळे. फर्स्ट इयरच्या शेवटच्या सबमिशनची आदली रात्र. काचेखाली ट्यूबलाईट, काचेवर सिनियरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग! ही विद्या आपल्याला कुठलाच प्रोफेसर शिकवत नाही, तरी पासआऊट होईपर्यंत सगळ्यांना येते. पहाटे चारला चहा प्यायला बाहेर पडलो तेव्हा सहज हिशोब केला. त्या आठवड्यात मी साधारण नव्वद पानं लिहिली होती आणि त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. 'ऑब्झर्व्हेशन' या मथळ्याखालची रीडिंग्जसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांनी घेतलेली. बोटं दुखत होती, डोकं मात्र अगदी ताजंतवानं होतं, कारण ते वापरलंच नव्हतं.

तेव्हा वाटलं, आठवड्यातून निदान एक पान तरी असं लिहावं की ज्याची जीटी मारता येणार नाही. बस, एवढंच. लेखक बिखक व्हायचं असलं काही मनात नव्हतं.

आता वर्षाचा जमाखर्च. बावन्न रविवारांपैकी पीएल, परीक्षा, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी यांत एकोणीस गेले. उरले तेहेतीस. म्हणजे पानं ३३. ती सगळी फाईलला लावून ठेवली आहेत. मागच्या आठवड्यात परत वाचून काढली. न लाजता वाचता येतील अशी पानं निघाली ७. व्हायव्हात असा स्कोअर झाला असता तर केटीच!

पहिली पाच-सहा पानं तर विचारू नका. पाऊस, आईची आठवण, मैत्री, परत पाऊस. शब्द सगळे मोठे मोठे, 'हळवे क्षण' आणि 'अथांग' वगैरे. मुलं हात धुवायची, पानाकडे बघून रुमालाला हात पुसायची आणि जायची. मग एक दिवस पानाच्या खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलं, "पाऊस सगळीकडे पडतो. तू कुठे होतास ते सांग." मला राग आला. दोन दिवस तो टिकला. तिसऱ्या दिवशी कळलं की गडी बरोबर बोलतोय. पुढच्या रविवारी मी लातूरहून इकडे येणाऱ्या रात्रीच्या एसटीबद्दल लिहिलं. कुठल्या स्टँडवर गाडी किती वेळ थांबते, कंडक्टर झोपायच्या आधी काय करतो, पहाटे कुठल्या वळणावर जाग येते. त्या पानासमोर पहिल्यांदा चार-पाच जण उभे राहिलेले दिसले. मराठवाड्याकडची मुलं होती सगळी. एक जण म्हणाला, "तू ते सांडलेलं लोणचं विसरलास." माणसं थांबतात ती अशा बारक्या खऱ्या गोष्टीपाशी, हे मला एका वर्षात मिळालेलं पहिलं ज्ञान.

दुसरं ज्ञान लाल पेनातून आलं. माझ्या ऱ्हस्व-दीर्घांची अवस्था दहावीनंतर काय झाली होती ते मी सांगायला नको. तुमचीही तीच आहे! दर सोमवारी दुपारपर्यंत पानावर लाल खुणा दिसायच्या. 'आर्शिवाद' वर फुली, बाजूला 'आशीर्वाद'. महिनाभराने चोर सापडला. वर्कशॉपचे एक सर दुपारी मेसमध्ये जेवतात, त्यांचं हे काम. मी ओशाळून उभा राहिलो तर म्हणाले, "फिटिंगला जॉब फाईल करतोस, मग काय करतोस?" म्हटलं, "ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरतो." "कशाला?" "फट दिसते म्हणून." "मग लिहिल्यावर पण धर की उजेडाकडे! तुझ्या वाक्यांमधून तर अख्खी बस जाईल." तेव्हापासून मी पान लावायच्या आधी एकदा मोठ्याने वाचतो. रूम पार्टनर कानात इअरफोन घालतो, पण मी वाचतो.

इथपर्यंत सगळं गमतीचं झालं. आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. सप्टेंबरमधल्या एका बुधवारी रात्री मेसमध्ये वरण इतकं पातळ होतं की ताटातल्या भाताने ते अडवताच येईना. मी लातूरचा, डाळमिलच्या गावचा. त्यामुळे डाळीवर बोलायचा पहिला हक्क आपलाच, असं मला उगाच वाटतं. रविवारी पान लागलं, मथळा 'वरण शोधा, बक्षीस मिळवा'. त्यात मी सरळ लिहिलं की डाळीचे पैसे काकांच्या खिशात जातात. वरणाचं पातेलं घेऊन फिरणाऱ्या मुलाला मी 'टँकर' म्हटलं. दुष्काळी भागाला पाणीपुरवठा करतो म्हणून टँकर! हे नाव सुचलं तेव्हा मी रूममध्ये एकटाच मोठ्याने हसलो होतो.

पान तुफान चाललं. आधीच्या सगळ्या पानांना मिळून जेवढे वाचक मिळाले नव्हते तेवढे त्या एका रात्रीत मिळाले. फोटो काढून ग्रुपवर टाकले गेले, लेडीज हॉस्टेलपर्यंत पोचले. मेस कमिटीने बैठक घेतली. रेक्टर सरांनी काकांना बोलावलं आणि दंड लावला. मी तर हवेतच. कॉरिडॉरमधून जाताना सिनियर पाठीवर थाप मारायचे.

गुरुवारी जेवण झाल्यावर काका म्हणाले, "इंजिनिअर, हात धुवून झाले की आत ये जरा."

आत गेलो. मला वाटलं भांडण होणार, तशी मनात तयारी करून गेलो. काकांनी फळीवरून एक लांबट लाल वही काढली. दुकानात असते तशी. अकरा वर्षं ते रोज रात्री तीत लिहितात. हजेरी किती, कणीक किती, तांदूळ किती, डाळ किती, उरलं किती. त्यांनी सोमवारचं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. पटावर १२०, जेवायला आले ८३. उरलेलं वरण टाकलं. मंगळवार: आले ८८. परत टाकलं. बुधवार: ९० जणांचं शिजवलं, आले ११७.

"सोमवारी टाकलं, मंगळवारी टाकलं. टाकताना तुटतं रे पोटात. म्हणून बुधवारी नव्वदचंच केलं. तर पाऊस लागला, बाहेर कुठं जायला येईना, आले सगळे. मग पाणी वाढवलं. शेवटच्या वीस पोरांना काय उपाशी ठेवू?"

हिशोब मी तिथेच मनातल्या मनात केला, सवयीने. माणशी ३५ ग्रॅम डाळ धरून नव्वद जणांची झाली ३ किलो १५० ग्रॅम. ती ११७ जणांत वाटली तर माणशी सत्तावीस ग्रॅमसुद्धा पुरी येत नाही. पातळ होणारच! यात खिशात जाण्यासारखं कुठेच काही नव्हतं.

"सोमवारी तू होतास का जेवायला?" काकांनी विचारलं.

नव्हतो. गेटवर अंडाभुर्जी खात होतो. मंगळवारीही नव्हतो. आणि दोन्ही दिवस मी खाडा सांगितला नव्हता. वहीत 'न सांगता' असा एक रकाना आहे, त्यात माझं नाव दोनदा होतं. काका आणखी काही बोलले नाहीत. कणीक मळायची होती, ते गेले.

मित्रांनो, तेव्हा मला जे वाटलं ते लिहायला मला 'अथांग' वगैरे शब्द आठवले नाहीत. मी आठवड्याला एक पान लिहून स्वतःला मोठा लिहिणारा समजत होतो, आणि हा माणूस अकरा वर्षं रोज लिहीत होता. त्याच्या लिखाणात विनोद नव्हता, मथळा नव्हता. पण त्यातलं प्रत्येक वाक्य उजेडाकडे धरलं तरी फट दिसली नसती.

पुढच्या रविवारी मी दुरुस्तीचं पान लावलं. त्याच जागी, त्याच पेनाने, सगळे आकडे देऊन आणि 'न सांगता' या रकान्यातल्या माझ्या नावासकट. काकांची वही घेऊन रेक्टर सरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, दंड परत केला. इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दुरुस्तीच्या पानाचा कुणी फोटो काढला नाही. बरेच जण मथळा वाचूनच पुढे गेले. दोघांनी विचारलं, "काय रे, काकांनी एक्स्ट्रा तूप वाढलं काय?" आणि वरण वाढणारा तो मुलगा, आपल्याच वयाचा, दहावीनंतर शाळा सुटलेली म्हणून इथे आलेला, तो 'टँकर'च राहिला. मी त्याची माफी मागितली. "असू द्या दादा," म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. या जुलैमध्ये आलेली फर्स्ट इयरची मुलंसुद्धा त्याला टँकर म्हणून हाक मारतात. त्यांनी ते पान कधी पाहिलेलंसुद्धा नाही. वर्षभरात मी जे काही लिहिलं त्यातला सगळ्यात जास्त टिकलेला शब्द हा आहे.

मग मी लिहिणं बंद करायला हवं होतं का? असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. मी खूप विचार केला आणि माझं मत उलट झालं. काकांना चोर म्हणणारा मी काही पहिला नव्हतो. टेबलावर ते रोज कुणी ना कुणी म्हणतच असतं, मीही म्हणायचो. पण टेबलावरच्या बोलण्याला नाव नसतं, तारीख नसते, त्यामुळे ते कुणाला खोडताही येत नाही. मी लिहिलं, खाली नाव घातलं, रूम नंबर घातला, म्हणून काकांना मला आत बोलावता आलं. म्हणून माझी चूक सापडली. तोंडीच बोलत राहिलो असतो तर आजही काकांना चोर समजत, भुर्जी खात बसलो असतो. नाव घालून लिहिण्याचा फायदा मला विचाराल तर हाच. आपण कुठे चुकतो ते दुसऱ्याला दाखवता येतं.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, "वेळ कुठाय?" आपल्यासारख्या गणितवाल्यांसाठी एक उदाहरण देतो. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीच्या घरात होते, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या पोरांएवढे. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले, आणि ज्या डिफरन्शियल कॅल्क्युलसने आपली झोप उडवली आहे त्यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. 'दर्पण' १८४० पर्यंत चाललं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असायचा. म्हणजे "मराठीत लिहिलं की इंग्रजी कच्चं राहतं" या दुसऱ्या आक्षेपाचंही उत्तर तिथेच आहे. मी मराठीत लिहितो कारण मला राग, लाज आणि भूक या तिन्ही गोष्टी मराठीत येतात. ज्याला त्या हिंदीत किंवा इंग्रजीत येत असतील त्याने त्या भाषेत लिहावं.

तिसरा आक्षेप, "आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं आहे काय?" गोडसे भटजी आठवा. पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके त्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत शहरात होते. कितीतरी वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ते सगळं लिहून काढलं, आणि १९०७ साली 'माझा प्रवास' छापून आलं. आज अभ्यासक ते पुस्तक वाचतात ते एका साध्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं त्यात आहे म्हणून. आपल्या हॉस्टेलला वेढा पडणार नाही हे मान्य. पण पन्नास वर्षांनी कुणाला विचारावंसं वाटलं की तेव्हाची मुलं काय खात होती, तर उत्तर काकांच्या लाल वहीत मिळेल, आपल्या जर्नलमध्ये मिळणार नाही.

आणि हल्लीचा चौथा आक्षेप, "फोनला सांगितलं की एका मिनिटात लिहून देतो." देतो ना! माझ्यापेक्षा शुद्धलेखनही चांगलं असतं त्याचं. पण बुधवारी जेवायला किती जण आले ते त्याला माहीत नाही. सोमवारी मी कुठे होतो तेही नाही. तेवढं ज्याचं त्यानेच लिहावं लागतं. नाहीतर मग ती नव्या काचेवरची जीटीच, फक्त ट्यूबलाईट लागत नाही.

सप्टेंबरनंतर मी स्वतःला तीन नियम घालून घेतले. एक, आकडा लिहायचा तर मोजून किंवा विचारून. दोन, ज्याच्याबद्दल लिहायचं त्याने पान आधी वाचलेलं असलं पाहिजे. तीन, हसू येईल असं नाव सुचलं की ते पान एक रात्र ड्रॉवरमध्ये ठेवायचं. या नियमांमुळे पानाचे वाचक थोडे कमी झाले हे खरं आहे. आणि काही गोष्टी बोर्डावर लावायच्याच नाहीत हेही कळलं. वायडी झाल्यावर एक मित्र माझ्या खोलीत रात्रभर बसून होता. त्या रात्रीबद्दल मी लिहिलं आहे, पण ते वहीत आहे आणि वहीतच राहील.

स्टाफमधल्या वाचकांना एक विनंती. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या राईटअपनंतर अर्धं पान कोरं ठेवायला सांगा. त्यावर फक्त दोनच गोष्टी लिहायच्या: मला स्वतःला काय दिसलं, आणि माझं काय चुकलं. हव्या त्या भाषेत. त्याला मार्क नकोत, मार्क आले की त्याचीही जीटी निघेल. फक्त तुम्ही वाचलंत याची सही हवी. आमची नव्वद पानं तशीही कुणी वाचत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. हे अर्धं पान कदाचित वाचावंसं वाटेल.

आणि हॉस्टेलमधल्या मित्रांना सांगायचं ते असं. बोर्डाची उजवी बाजू अजून रिकामी आहे. टाचण्या माझ्याकडे आहेत, कधीही या. पहिली पाच-सहा पानं वाईट होतील, ती होऊ द्या. खाली नाव मात्र घाला.

तेही जमत नसेल तर निदान एवढं करा. रात्री बाहेर जेवणार असाल तर दुपारीच काकांना खाडा सांगा. वहीतला तो रकाना मी आता दर रविवारी बघतो, अजून बराच भरलेला असतो.